संत्र्याचा केक : ओव्हनमध्ये ठेवण्यापूर्वीचा अभ्यास

केक हा पदार्थ आता मराठी घराला परका राहिलेला नाही. वाढदिवस, नाताळ, कार्यालयातील निरोपसमारंभ अशा कोणत्याही निमित्ताने तो घरी केला जातो. झाकणाला काचेची लहान खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन एके काळी आळीत एखाद्याच घरी असे आणि तो शेजारीपाजारी उसना जात असे. त्याची जागा आता चौकोनी, तापमानाचे बटण असलेल्या ओव्हनने घेतली आहे. साधन सुधारले, तथापि केक मधोमध बसला, वरून करपला, आतून कच्चा राहिला, या तक्रारी मात्र जुन्याच आहेत.

भाजीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते, आमटी घट्ट झाली तर पाणी वाढवता येते. केकला ही सवलत नाही. मिश्रण एकदा ओव्हनमध्ये गेले की त्यात काहीही दुरुस्त करता येत नाही. म्हणून केकचे यशापयश त्यापूर्वीच्या अर्ध्या तासातच ठरते. साध्या संत्र्याच्या केकच्या निमित्ताने ही पूर्वतयारी समजून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एका पाहणीचा अनुभव

काही वर्षांपूर्वी विदर्भाच्या संत्रापट्ट्यातील एका शाखेत असताना, वितरित केलेल्या लहान कर्जांच्या पाहणीसाठी एका गृहिणीच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटातून, म्हणजे ५०,००० रुपयांपर्यंतच्या मर्यादेतून, त्यांनी ओव्हन, केकची भांडी आणि मिश्रण फेटण्याचे यंत्र घेतले होते. संत्र्याचे केक करून विकण्याचा त्यांचा मानस होता. पाहणीच्या नमुन्यात ‘मालमत्ता जागेवर आहे काय?’ असा रकाना असतो. ओव्हन जागेवर होता. मात्र त्याच्यावर चादर पांघरलेली होती.

विचारले असता त्या म्हणाल्या, “साहेब, चारातला एक तरी केक मधोमध बसतो. बसलेला केक कोण घेणार? हप्ता मी शिवणकामातून भरते. हा ओव्हन बँक परत घेते का?”

हप्ता थकलेला नव्हता. ‘समाधानकारक’ असा शेरा लिहून परतता आले असते. परंतु ज्या कामासाठी कर्ज दिले ते काम बंद आणि हप्ता दुसऱ्याच कष्टातून, ही स्थिती समाधानकारक म्हणवेना. बदलीच्या गावी एकट्याने राहताना मी केक करावयास शिकलो होतो. पुढील रविवारी शाखेतील एका सहकारी भगिनीसह मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. सोबत स्वयंपाकघरातील वजनकाटा आणि ओव्हनच्या आत ठेवावयाचा थर्मामीटर नेला. त्या दुपारी तीन कारणे हाती लागली. मैदा वाटीने मोजला जात होता. बटण १७० अंशांवर असताना ओव्हनच्या आत १४५ अंशांच्या आसपासच उष्णता होती. आणि पंधराव्या मिनिटाला दार उघडून केक पाहिला जात होता. पुढील विवेचन या तीन कारणांच्या अनुषंगानेच केले आहे.

साधनाची ओळख

घरगुती वापरातील साधने मुख्यतः तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार ओटीजी. यात वर व खाली तापणाऱ्या दांड्या असतात. त्यांच्यामुळे आतील हवा आणि केकचे भांडे तापते व केक बाहेरून आत भाजला जातो. दुसरा प्रकार साधा मायक्रोवेव्ह. यातील लहरींची वारंवारता सामान्यतः २,४५० मेगाहर्ट्झ असते. त्या प्रामुख्याने पदार्थातील पाण्याला तापवतात. आतील हवा मात्र जवळजवळ थंडच राहते. त्यामुळे केक काही मिनिटांत फुगतो, पण त्यावर तांबूस रंग चढत नाही आणि गार झाल्यावर तो चिवट होतो. तिसरा प्रकार कन्व्हेक्शनची सोय असलेला मायक्रोवेव्ह. यात दांडी आणि पंखा असतो व गरम हवा फिरवली जाते. केकसाठी ही कन्व्हेक्शनचीच पद्धत निवडावी. फिरत्या हवेमुळे उष्णता लवकर पोहोचते. म्हणून ओटीजीसाठी सांगितलेल्या तापमानापेक्षा १० ते २० अंश कमी ठेवावे. धातूचे भांडे कन्व्हेक्शनमध्ये चालते, मायक्रोवेव्ह पद्धतीत ते कदापि वापरू नये.

ओटीजीचा दिवा मध्येच विझतो तेव्हा ओव्हन बंद पडला, असे अनेकांना वाटते. वस्तुतः ठरावीक उष्णता गाठली की थर्मोस्टॅट दांड्यांचा वीजपुरवठा तोडतो आणि उष्णता उतरली की पुन्हा जोडतो. हे चक्र सतत चालू असते. मात्र बटणावरील आकडा आणि आतील तापमान यांत तफावत असू शकते. यासाठी ओव्हन २० मिनिटे तापवून, थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून, दिव्याची दोन-तीन चक्रे होईपर्यंत कमाल व किमान आकडे टिपावेत आणि त्यांची सरासरी काढावी. आमच्या पाहणीतील ओव्हनचे बटण १९५च्या जवळ नेल्यावर आत १७० अंश मिळाले. तेथे बटणाशेजारी रंगाची खूण करून ठेवली. ओव्हन बदलण्याची गरज पडली नाही.

सुरक्षेविषयी एक सूचना आवश्यक आहे. १,५०० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर वीज घेतो. त्यामुळे तो ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर लावू नये. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा प्लग वापरावा. ओव्हन भिंतीला टेकवून ठेवू नये.

संत्र्याची निवड

नागपुरी संत्रे हे शास्त्रीय वर्गीकरणानुसार मँडरिन गटातील फळ होय. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आंबिया बहाराची फळे साधारणतः ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत येतात. विदर्भाबाहेरील वाचकांनी आपापल्या भागातील फळ घ्यावे. मेघालयात खासी मँडरिन आणि कर्नाटकात कूर्गचे संत्रे मिळते. पंजाब व राजस्थानच्या श्रीगंगानगर भागात किन्नू मुबलक असतो. किंग आणि विलो लीफ या दोन जातींच्या संकरातून कॅलिफोर्नियात हॉवर्ड फ्रॉस्ट यांनी निर्माण केलेली ही जात १९३५ मध्ये प्रसृत झाली. किन्नूत रस भरपूर असतो, तशाच बियाही पुष्कळ असतात. ही बाब केकसाठी महत्त्वाची आहे.

केकला संत्र्याचा गंध मुख्यत्वे रसातून येत नाही. तो सालीतून येतो. सालीच्या नारिंगी थरातील सूक्ष्म पिशव्यांत सुगंधी तेल असते. त्याखालील पांढरा थर मात्र कडू असतो. म्हणून किसणीच्या बारीक बाजूने केवळ नारिंगी थर किसावा आणि पांढरे दिसताच फळ फिरवावे. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने सोललेली साल किसता येत नाही. अख्खे फळच किसावे आणि नंतर रस काढावा. किसण्यापूर्वी फळ कोमट पाण्यात चोळून धुवावे व कोरडे पुसावे.

रस मिक्सरमध्ये काढू नये. बिया भरडल्या गेल्या की रस कडू होतो. काढून ठेवलेला रसही काही वेळाने कडवटपणा धरतो. म्हणून फळ आडवे कापून हाताने पिळावे, रस गाळावा आणि लगेच वापरावा.

साहित्य

पुढील प्रमाण ७ इंच (१८ सेंटिमीटर) व्यासाच्या गोल भांड्यासाठी आहे.

मैदा १८० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, बिनमिठाचे लोणी १२० ग्रॅम, अंडी २, ताजा संत्र्याचा रस १०० मिलिलिटर, दोन संत्र्यांच्या सालीचा कीस, बेकिंग पावडर १ सपाट चहाचा चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, मीठ चिमूटभर.

लोणी घरचे असल्यास ते थंड पाण्यात धुऊन, दाबून त्यातील पाणी काढावे व मगच वजन करावे. बाजारातील खारे लोणी वापरल्यास वेगळे मीठ घालू नये.

अंडे वर्ज्य असणाऱ्यांनी लोणी व अंड्यांऐवजी ९० मिलिलिटर वासरहित तेल व १५० ग्रॅम ताजे घट्ट दही घ्यावे, रस ६० मिलिलिटर आणि सोडा अर्धा चमचा घ्यावा. दही, साखर, तेल, रस व कीस एकजीव करून त्यात कोरडे मिश्रण घालावे. बाकी कृती तीच आहे.

मैदा वजनानेच का मोजावा, याचे कारण सोपे आहे. तीच वाटी चाळून हलक्या हाताने भरली आणि दाबून भरली, तर मैद्याच्या वजनात पाव हिश्श्यापर्यंत फरक पडू शकतो. मैदा वाढला तर केक कोरडा होऊन फुटतो. कमी पडला तर त्याला फुगलेला आकार पेलवत नाही. आज जमलेला केक उद्या का बिघडला, या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा वाटीत सापडते.

कृती

१. सर्व साहित्य तासभर आधी बाहेर काढून ठेवावे. थंड अंडी मऊ लोण्यात मिसळली की मिश्रण फाटते. हिवाळ्याच्या सकाळी अंडी दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावीत.

२. भांड्याला लोण्याचा हात लावून तळाशी बटर पेपर घालावा. ओव्हन १७० अंशांवर, वरची व खालची दांडी चालू ठेवून, १५ ते २० मिनिटे तापत ठेवावा.

३. मैदा, बेकिंग पावडर, सोडा व मीठ दोनदा एकत्र चाळावे.

४. साखर मिक्सरमधून थोडी फिरवून बारीक रव्यासारखी करावी. अगदी पिठी करू नये. साखरेच्या कणांच्या कडांमुळेच लोण्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे शिरतात. लोणी, साखर आणि सालीचा कीस एकत्र करून रंग फिकट व पोत हलका होईपर्यंत फेटावे. यंत्राने चार-पाच आणि हाताने दहा-बारा मिनिटे लागतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे निर्माण करीत नाही, असलेलेच मोठे करते. म्हणून या पायरीवर घाई करू नये.

५. अंडी एकेक करून घालावीत व प्रत्येक वेळी नीट फेटावे. मिश्रण फाटल्यासारखे दिसल्यास चमचाभर मैदा घालावा.

६. आता यंत्र बाजूला ठेवावे. मैद्याचे मिश्रण तीन भागांत आणि रस दोन भागांत, आलटून पालटून घालावा. सुरुवात व शेवट मैद्याने करावा. पसरट चमच्याने खालून वर अलगद मिसळावे. मैदा ओला झाल्यावर फार घोटला तर त्यात चिवटपणा येतो आणि केकमध्ये लांबट भोके पडतात. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबावे.

७. रसातील आम्ल आणि सोडा यांची क्रिया भेट होताच सुरू होते. मिश्रण ओट्यावर ठेवून इतर कामे केल्यास हा वायू वाया जातो. मिश्रण ताबडतोब भांड्यात ओतावे. भांडे दोन तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये.

८. भांडे मधल्या जाळीवर ठेवावे. पहिली २५ मिनिटे दार मुळीच उघडू नये. एकूण ४० ते ४५ मिनिटे लागतात. वरचा रंग लवकर गडद होऊ लागल्यास २५ मिनिटांनंतर फॉइलचा तुकडा सैलसर ठेवावा.

९. मध्यभागी लाकडी काडी खुपसावी; ती स्वच्छ निघाली आणि केकने भांड्याच्या कडा सोडल्या की केक झाला असे समजावे. दहा मिनिटांनी केक भांड्यातून काढून जाळीवर गार करावा. आवडत असल्यास दोन चमचे रसात एक चमचा साखर विरघळवून कोमट केकवर शिंपडावी.

गार झालेला केक हवाबंद डब्यात दोन दिवस उत्तम राहतो. उन्हाळ्यात तो शीतकपाटात ठेवावा.

दाराआड काय घडते?

वरील नियमांमागील कारण समजले की ते पाठ करावे लागत नाहीत. ओव्हनमध्ये प्रथम लोणी वितळते. मग हवा, वाफ आणि सोड्याचा वायू प्रसरण पावून मिश्रण वर उचलतात. त्यानंतर अंड्यातील प्रथिने घट्ट होतात, मैद्यातील पिष्ट पाणी शोषून फुगते आणि केकचा सांगाडा पक्का होतो. मध्यभाग सर्वांत शेवटी पक्का होतो. सांगाडा पक्का होण्यापूर्वी दार उघडले तर आतील उष्णता एकदम उतरते, फुगलेले बुडबुडे आकसतात आणि मध्यभाग बसतो.

ओव्हन मुळातच कमी तापलेला असेल तरी परिणाम तोच होतो. कारण सांगाडा तयार होण्याआधीच वायू निसटून जातो. याउलट उष्णता अधिक झाल्यास वरचा थर आधी कडक होतो आणि आतील मिश्रण त्याला फोडून बाहेर येते. सोडा अधिक पडल्यास केक झपाट्याने फुगून खचतो, रंग काळपट होतो व साबणासारखी चव येते. केक बसला म्हणून पुढच्या वेळी सोडा वाढवणे हा उपाय त्यामुळे उलटाच ठरतो. आमच्या ताईंनीही तो करून पाहिला होता.

वहीतील हिशेब

त्या रविवारी वजनाने मोजलेला, खऱ्या १७० अंशांवर भाजलेला आणि न डोकावता ठेवलेला केक सपाट माथ्याने बाहेर आला. त्यापाठोपाठचे तीनही नीट झाले. परंतु काम तेथे संपले नाही. त्यांनी आपली हिशेबाची वही पुढे केली. एका केकला ११० रुपयांचे साहित्य लागत होते आणि केक १५० रुपयांना विकला जात होता. म्हणून ४० रुपये नफा, असे त्यात लिहिलेले होते.

हा हिशेब बारकाईने पाहू. चार केकना ४४० रुपयांचे साहित्य लागले. त्यांतील एक बसला आणि तीन विकले गेले. ४५० रुपये आले. हाती राहिले अवघे १० रुपये. वीज, खोके आणि दिवसभराचे कष्ट हे सारे त्या दहा रुपयांत बसवावयाचे होते. म्हणजे न बिघडणारा केक हा कौशल्याइतकाच भांडवलाचाही प्रश्न होता.

बिघाड थांबल्यानंतरही खर्चाची पूर्ण यादी आवश्यक होती. आम्ही ती अशी मांडली : साहित्य ११० रुपये, वीज १० रुपये, खोके १५ रुपये, यंत्रसामग्रीचा घसारा २० रुपये, म्हणजे १२,००० रुपयांची साधने ६०० केकवर विभागून, आणि मजुरी ६० रुपये. एकूण २१५ रुपये. मजुरीचा आकडा पाहून त्या म्हणाल्या, “घरचेच तर काम आहे, त्याचे कसले पैसे?” वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी एवढेच सांगू शकलो की, त्याच तासाभरात शिवणकाम केले असते तर पैसे मिळाले असते, मग केकच्या तासाची किंमत शून्य कशी धरावयाची? त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि दर २४० रुपये लिहिला. काही गिऱ्हाइके गेली, बरीच राहिली.

घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे नोंदणी करणे आवश्यक असते, हेही त्यांना त्याच बैठकीत सांगितले. पुढे त्यांनी ती केली. शिवणयंत्र त्यांनी सोडले नाही. पण कर्जाचा हप्ता केकच्या मिळकतीतून येऊ लागला आणि कर्ज मुदतीत फिटले.

समारोप

घरच्यासाठी केक करणाऱ्याला घसाऱ्याचा हिशेब नको असेल. परंतु वजनकाटा, थर्मामीटर आणि बंद दार या तीन गोष्टी त्यालाही तितक्याच उपयोगी आहेत. आमच्या पाहणीच्या नमुन्यात ‘मालमत्ता जागेवर आहे काय?’ हा रकाना आजही भरावा लागतो. तो भरताना ती मालमत्ता वापरात आहे काय, हेही मी तेव्हापासून आवर्जून विचारतो. वाचकांच्या स्वयंपाकघरातही एखादा ओव्हन चादर पांघरून बसला असेल, तर येत्या संत्र्यांच्या हंगामात ती चादर काढावी आणि पहिल्या दिवशी केक न करता, फक्त थर्मामीटर आत ठेवून आपला ओव्हन तपासून पाहावा.